कोंडिराम रेडिओवाल्याच्या घरातली घूं

पेणकरपाड्यात कुणालाही विचारा, कोंडिराम रेडिओवाल्याचं दुकान बोट करून दाखवतील. दुकान म्हणजे काय, एका इमारतीच्या जिन्याखालचा कोनाडा. तिथं आता रेडिओ येतही नाहीत. मिक्सर येतात, टेबलफॅन येतात, डास मारायच्या रॅकेटी येतात. पण नाव एकदा पडलं ते पडलं. परतूरकडून मिसरूड फुटायच्या वयात हा भाईंदरला आला, एका शेठच्या दुकानात सोल्डरिंग शिकला, आणि पुढं सगळा जन्म बिघडलेल्या आवाजांमागं घालवला.

माणूस साधा, पण घमेंड होती. एकाच गोष्टीची, कानाची. भीमजयंतीच्या मंडपात लाउडस्पीकर त्याचाच. पाठीमागं गेटजवळ चहा पीत उभा राहायचा आणि तिथूनच ओरडायचा, ‘‘डावीकडच्या तिसऱ्या बॉक्सचा पडदा फाटलाय रे.’’ पोरं जाऊन बघायची, तर फाटलेला असायचा. आता असा माणूस घरात कसा वागत असेल ते तुम्हीच समजून घ्या. पंखा कुरकुरला, नळ टिपकला, की याचं भाषण सुरू.

बायको प्रभावती त्याच्या वरताण बोलकी. एका शाळेत मावशी म्हणून तिनं नोकरी केली. मुलांशी मराठीत, भाजीवाल्याशी हिंदीत, शेजारच्या बेनशी मोडक्यातोडक्या गुजरातीत, बाई दिवसभर बोलतच असायची. कोंडिराम चिडायचा. ‘‘तुझं बटण कुठं असतं ते एकदा दाखव,’’ म्हणायचा. ती म्हणायची, ‘‘तुमच्यासारख्या मेकॅनिकला सापडायचं नाही.’’

मग ताप आला. असातसा ताप नव्हता. बाई वाचली, पण डावा कान पार गेला आणि उजवा अर्धामुर्धा राहिला. घरात ओरडून बोलायची वेळ आली. मुलगा संघर्ष कामावरून थकून यायचा, त्यात आईशी बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचं. सून तेजश्री बिचारी मुळातच बारीक आवाजाची. तरी सगळे ओरडत होते, आणि प्रभावती उत्तरं देत होती. निम्मी चुकीची द्यायची, पण द्यायची.

दिवाळीनंतर कुठल्याशा नगरसेवकाच्या वाढदिवसाला कानाची मशीनं वाटली. खिशात ठेवायचं छोटं डबडं, त्याला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. रांग मोठी, वाटणाऱ्यांना घाई. मशीन हातात आलं, फोटो निघाला, पुढे चला. कसं वापरायचं ते सांगायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी कोंडिरामनं ऐकून घेतलं नसतं. तो आणि कुणाकडून मशीन शिकणार?

घरी आणून त्यानं डबडं निरखलं. एक खटका, त्याच्याखाली तीन इंग्रजी अक्षरं. ओ, टी आणि एम. ओ म्हणजे ऑफ. एम म्हणजे माइक. टी म्हणजे टोन, दुसरं काय असणार? आयुष्यभर त्यानं हेच वाचलं होतं. खटका एमवर ठेवला तर मशीन जोरात शिट्टी मारायला लागलं. प्रभावतीनं कान धरला. कोंडिराम हसला. ही शिट्टी त्याच्या ओळखीची होती. माइक आणि बॉक्स समोरासमोर आले की मंडपातही हीच वाजते, टोन उतरवला की गप्प बसते. त्यानं खटका टीवर सरकवला. शिट्टी बंद. खटका पुन्हा सरकू नये म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि बायकोला खुणेनं बजावलं, ‘‘हात लावायचा नाही. सेटिंग बिघडेल.’’

दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ही गोष्ट सांगितली. मशीन फुकटचं होतं, पण चालू मी केलं.

आता मशीन आल्यावर ओरडायचं कशाला? घरातली माणसं हळू बोलायला लागली. सगळ्यांचे गळे सुटले.

आणि प्रभावती गप्प झाली.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. तेजश्री म्हणायची, ‘‘आई, चहा ठेवू?’’ तर आई खिडकीबाहेर बघतेय. संघर्ष दारातून ‘‘येतो गं’’ म्हणायचा, तर मान वर नाही. समोर येऊन बोललं की बाई तोंडाकडे बघायची, जरा हसायची, मान हलवायची, आणि पुन्हा आपल्या जागी. दिवसभर पलंगावर, उशाशी घड्याळाचा रेडिओ.

हा रेडिओ जुना. उत्तनच्या कॅजिटन नावाच्या दोस्तानं बोटीवर नोकरीला असताना जपानहून आणलेला, त्याच्या पोरीच्या लग्नात कोंडिरामनं साउंड लावला म्हणून त्यानं प्रेमानं दिलेला. लाल आकड्यांचं घड्याळ, पहाटे आपोआप वाजणारं आकाशवाणी. प्रभावती नोकरीची सगळी वर्षं त्याच्यावर उठली. आता ती त्याला चिकटूनच बसायची, आणि एवढ्या दिवसांत ती आपणहून एकच वाक्य बोलली.

‘‘अहो, याच्यात घूं येतेय.’’

कोंडिरामनं कान लावला. घूं नव्हती. बातम्या स्वच्छ चालल्या होत्या.

‘‘नाही गं,’’ त्यानं हातानं खूण करून सांगितलं.

‘‘येतेय,’’ ती म्हणाली. ‘‘सारखी येतेय. काढा ती.’’

त्याला बरं वाटलं, खरं सांगायचं तर. चला, बाईनं काहीतरी मागितलं. त्याच्या मनानं घेतलं की या घूंनंच हिचं डोकं उठवलंय. दिवसरात्र कानात घूं असेल तर माणूस बोलेल कशाला? घूं गेली की बाई पहिल्यासारखी होईल. दुसरी तरी आशा कुठं होती त्याला? त्यानं रेडिओ दुकानात नेला, पाठ उघडली. जुन्या सेटमध्ये घूं आली की पहिला संशय फिल्टरच्या कंडेन्सरवर. म्हातारा होतो तो, कोरडा पडतो, आणि विजेची घूं स्पीकरात सोडतो. कोंडिरामनं ते सगळे बदलले. घरी आणला, लावला.

‘‘गेली?’’

तिनं मान हलवली. नाही.

मग त्यानं वायरिंग बदललं. मग तारेची जाळी गुंडाळली. मग ट्रान्सफॉर्मरच नवा घातला, कॅसेटच्या जमान्यातला, जपून ठेवलेला. दर वेळी त्याच्या कानाला रेडिओ अगदी निवांत, आणि दर वेळी बायकोचं तेच. ‘‘आहे की.’’

एका रविवारी त्याचा संयम सुटला. संघर्षही घरी होता. कोंडिरामनं प्रभावतीला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तिच्या पाठीमागं गुपचूप रेडिओची पिनच काढून हातात धरली.

‘‘आता?’’ त्यानं तिच्या पाठीवर थाप मारून विचारलं.

‘‘कमी झाली,’’ ती म्हणाली. ‘‘गेली नाही.’’

त्यानं पिन लावली. ‘‘वाढली,’’ ती म्हणाली. पुन्हा काढली. ‘‘कमी झाली.’’ एकदाही चुकली नाही.

संघर्षनं कपाळाला हात लावला. ‘‘पप्पा, पिन तुमच्या हातात आहे आणि आई म्हणते घूं आहे. बंद रेडिओत आवाज कुठून येणार? मला वाटतं हे कानाचं नाहीये. डोक्याचं आहे.’’

डोक्याचं. हा शब्द घरात आला आणि ठाण मांडून बसला. पोरगा वाईट नव्हता हो. आईसाठी रजा टाकून तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी प्रश्न विचारले. आज वार कोणता, मुलाचं नाव काय, शंभरातून सात गेले किती. प्रभावती त्यांच्या तोंडाकडे बघून हसली आणि मान हलवली. कुणीही तेच निदान केलं असतं. वय झालंय, विसर पडायला लागलाय, भास होतायत. गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी बाई झोपायला लागली. सकाळी झोप, दुपारी झोप. जागी असली तरी अर्धी झोपेत. ताट समोर ठेवलं तर घास तसाच हातात. कोंडिराम बघत राहायचा. ज्या बाईच्या तोंडाला तो आयुष्यभर कंटाळला, तिनं एकदा तरी त्याला टाकून बोलावं म्हणून त्याचा जीव तळमळत होता. दुकानात मिक्सर उघडून बसायचा आणि कुठला स्क्रू कुठला ते विसरायचा. देवाला मानणारा माणूस असता तर नवस बोलला असता. तेही दार याच्यासाठी नव्हतं.

आणि एक गोष्ट त्याला खात होती. डोक्याचं म्हणता, ठीक आहे. मग पाठमोरी बसून तिनं पिन काढलेली आणि लावलेली अचूक कशी ओळखली? हाक मारलेली जिला कळत नाही, तिला ती घूं ऐकू येते जी खुद्द कोंडिरामला येत नाही? त्याला आपल्याच कानांची शंका यायला लागली. तेजश्रीला विचारलं, ‘‘तुला येते का गं घूं?’’ ती म्हणाली, ‘‘नाही पप्पा.’’ आणि असं बघितलं, की आता याही माणसाला डॉक्टरकडे न्यावं लागणार.

त्या दुपारी प्रभावती झोपली होती. मशीन कानातून निसटून उशीवर पडलेलं, रेडिओ बारीक आवाजात चालू. बॅटरी फुकट जाईल म्हणून कोंडिरामनं मशीन उचललं. बंद करायला चिकटपट्टी सोलू लागला, आणि कोण जाणे कशानं, थांबला. बोंडूक सदऱ्याला पुसलं आणि आपल्या कानात घातलं. दुसरा कान बोटानं दाबून धरला.

घूं.

जाड, सलग, पोटातून आल्यासारखी घूं. त्यात रेडिओवरची बाई बाजारभाव सांगत होती, शब्दन् शब्द स्पष्ट. कोंडिराम रेडिओपासून मागं सरकला. भाव सांगणारी बाई गेली, घूं बारीक झाली. पुढं आला. मोठी झाली. पिन काढली. बाई बंद, घूं कमी. पण होती.

तेवढ्यात तेजश्री स्वयंपाकघराच्या दारात आली आणि काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. कोंडिरामनं तिच्याकडे नुसतं बघितलं. ती पुन्हा बोलली, हातवारे करून. काही नाही. नुसती घूं. तो स्वतः म्हणाला, ‘‘हॅलो.’’ डबडं तोंडासमोर धरून म्हणाला, ‘‘हॅलो, हॅलो.’’ मशीनमधून अक्षर आलं नाही. घरात माणसं होती, पंखा होता, खाली रिक्षा होत्या, सगळं डोळ्यांना दिसत होतं आणि कानाला काहीच नव्हतं.

तो तसाच पलंगाच्या कडेला बसला. थोड्या वेळानं तेजश्रीच्या लक्षात आलं, की सासरे बोलत का नाहीत, तर रडतायत.

दुसऱ्या दिवशी मशीन आणि प्रभावती दोघांना घेऊन तो मीरा रोडला एका कानाच्या दवाखान्यात गेला. तिथल्या रुचिता नावाच्या मुलीनं खटक्यावरची काळी पट्टी बघितली आणि विचारलं, ‘‘काका, हे कुणी केलं?’’

‘‘मी.’’

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं, की टी हा टोन नव्हे. तो टेलिफोनसाठी असतो. टीवर ठेवलं की मशीनचा माइक बंद होतो, म्हणून शिट्टीही बंद होते. मग मशीन फक्त जवळच्या कॉइलचं, म्हणजे विजेच्या तारेच्या वेटोळ्याचं ऐकतं, फोनच्या, स्पीकरच्या. रेडिओतल्या ट्रान्सफॉर्मरची घूंही त्याच वाटेनं आत येते. ‘‘आणि पिन काढल्यावरसुद्धा?’’ कोंडिरामनं विचारलं. ‘‘भिंतीपलीकडे विजेचं काही आहे का?’’ होतं. प्रभावतीच्या उशामागच्या भिंतीपलीकडे अख्ख्या इमारतीची मीटरपेटी होती.

म्हणजे बाई शंभर टक्के खरं बोलत होती. डोकं तिचं ठिकाणावर होतं. बाकीच्यांचं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, झालं, खटका फिरवला आणि गोष्ट संपली. कोंडिरामलाही तसंच वाटलं होतं. रुचितानं खटका एमवर केला, आवाज उतरवून शिट्टी थांबवली, आणि कोंडिराम बायकोच्या समोर बसून म्हणाला, ‘‘प्रभावती, ऐकू येतंय?’’ तिनं तोंड वाकडं केलं. बाहेर गाड्यांचे हॉर्न होते, दवाखान्यातला एसी होता, कुणाची तरी खुर्ची सरकली. ते सगळं तिच्या कानात एकदम घुसलं, आणि त्यात नवऱ्याचं बोलणं कुठलं ते तिला वेगळं करता येईना. तिनं बोंडूक उपटून काढलं.

रुचितानं कान तपासला. ‘‘नस सुकत चाललीय, काका. मशीन आवाज मोठा करतं. स्वच्छ करत नाही.’’

‘‘दुसरं मशीन?’’

‘‘बघता येईल. पण बोलणं समजेलच असं मी सांगू शकत नाही.’’

‘‘आधी आणलं असतं तर?’’

‘‘तेव्हा थोडं जास्त ऐकू येत असेल,’’ ती म्हणाली. ‘‘सवय लावता आली असती.’’

कोंडिराम उठला. जय भीम म्हणाला आणि बायकोचा हात धरून बाहेर पडला.  

घरी आल्यावर प्रभावतीनं मशीन त्याच्यापुढं धरलं आणि खटका टीवर करायची खूण केली. रेडिओ तरी कळायचा ना तिला. घूं असू दे, पण त्या घूंमध्ये माणसाचं बोलणं स्पष्ट येत होतं. संघर्ष डॉक्टरांना भेटून आला, गोळ्या हळूहळू बंद करायचं ठरलं. त्यानं आईचे पाय धरले. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो काय म्हणाला ते तिला कळलं नाही.

मग कोंडिरामनं शेवटचा उद्योग केला. रेडिओ पुन्हा उघडला. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून लांब वायरीवर दाराशी टाकला, पलंग ओढून मीटरपेटीच्या भिंतीपासून दूर समोरच्या भिंतीला लावला. घूं कमी झाली, गेली नाही. इमारतभर तारा, घूं कुठून कुठून काढणार? ते त्यानं सोडून दिलं आणि रेडिओच्या अॅम्प्लिफायरला मंडपातला एक जुना माइक जोडला. वायर स्वयंपाकघरापर्यंत ओढली, म्हणजे शिट्टी नको. प्रभावती पलंगावर रेडिओशेजारी. हा ओट्याजवळ स्टुलावर, माइक हातात. मधलं दार उघडं, दोघं एकमेकांना दिसत होते.

आयुष्यभर यानं मोठमोठ्या वक्त्यांच्या हातात माइक दिला, ‘‘चालू आहे साहेब, बोला,’’ म्हणून. आता तो स्वतःच्या तोंडासमोर धरला.

‘‘हॅलो,’’ तो म्हणाला. ‘‘हॅलो, माइक टेस्टिंग.’’

प्रभावती ताठ बसली. तिनं पदर सारखा केला. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर तो जुना भाव आला, आता बोलणार असा.

‘‘येतंय,’’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘‘घूं आहे, पण येतंय. बोला.’’

‘‘प्रभावती, तो खटका मीच फिरवला होता. पट्टीपण मीच मारली.’’

‘‘माहीत आहे.’’

कोंडिरामला वाटलं, तिनं भलतंच ऐकलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

‘‘ऐकलं हो,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. अंघोळीला मशीन काढलं की तेजश्रीची भांडी जराशी ऐकू यायची. घातलं की बंद. मला काय तेवढं कळत नाही?’’

‘‘मग सांगायचं ना.’’

‘‘सांगणार कसं? तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, मशीन मी चालू केलं म्हणून. चारचौघांत तुम्हाला कशाला खाली बघायला लावू? म्हणून घूंचं बोलले. म्हटलं, तुमचे कान तिखट. घूं शोधत शोधत तुम्हीच माझ्यापर्यंत याल.’’ ती थांबली. ‘‘तुम्ही रेडिओच उघडत बसलात.’’

कोंडिरामनं माइक तोंडाजवळ धरला. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. प्रभावती वाट बघत होती, मान जराशी रेडिओकडे कलती करून. माइक चालू होता, आणि तिच्या कानात नुसती घूं जात राहिली.